रा. रा. बिझी लूप यांस अनावृत पत्र

रा. रा. बिझी लूप यांस,

स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, गेल्या महिन्यात दादरहून मडगावला जाणाऱ्या गाडीत आपली पुन्हा गाठ पडली. आपण मला ओळखलं नाहीत, त्याचा राग नाही. आपण कामात होता. आपण सदैव कामातच असता.

भाच्यानं त्याचं खेळाचं यंत्र प्रवासापुरतं मला दिलं होतं. दोन्ही हातांत धरायचं, मधे स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं. रात्रभर चार्जिंगला लावून शंभर टक्के भरून घेतलेलं. पनवेल गेल्यावर मी एक खेळ सुरू केला. खेळाचं नाव झळकलं, मागं धुक्यातला डोंगर, खाली ‘कोणतंही बटण दाबा’. तेवढ्यात चहावाला आला, पाठोपाठ वडेवाला, आणि शेजारच्या गृहस्थांनी यंदा हापूसची पेटी काय भावानं गेली हा विषय काढला. यंत्र समोरच्या फळीवर तसंच राहिलं. मी कोणतंही बटण दाबलं नाही. थोड्या वेळानं फळीवरून पिठाच्या गिरणीसारखी घरघर ऐकू यायला लागली. उचलून बघतो तर पाठ अशी तापलेली की वर पापड ठेवला असता तर फुलला असता. चिपळूण यायच्या आत यंत्रानं मान टाकली. मी एक क्षणही खेळलो नव्हतो. तेवढ्या वेळात आपण तोच धुक्यातला डोंगर पुन्हा पुन्हा रंगवत बसला होता. स्क्रीन सेकंदाला साठच चित्रं दाखवू शकते, याचं आपल्याला काही नव्हतं. आपण जमतील तितकी काढत होता. भिंतीला तुंबड्या लावणं म्हणतात ते याला.

इथून पुढं ‘आपण’ सोडतो. तुझी-माझी ओळख जुनी आहे, आणि ज्यानं लहानपणी माझे पेन्सिल सेल खाल्ले त्याला अहो-जाहो करण्याइतका मी मोठ्या मनाचा नाही.

आठवतं का? मस्कतच्या मामानं सुट्टीत येताना गेम बॉय आणला होता. करडा, विटेएवढा, पाठीत चार पेन्सिल सेल. आळीतल्या पोरांकडे दोन सेलवर चालणारे विटांचे खेळ होते, त्यामुळं माझा भाव एकदम वधारला. पण चार सेल म्हणजे चार सेल. कोपऱ्यावरचा दुकानदार उधारी लिहून ठेवायचा आणि महिनाअखेरीस ती वही वडिलांसमोर उघडली जायची. मग आम्ही सगळे उपाय केले. मेलेले सेल गच्चीवर उन्हात ठेवले, कुरडया वाळत होत्या त्याच साडीच्या कडेला. दातानं चावून बघितले. तळहातावर चोळले. टीव्हीच्या रिमोटमधले दोन काढले आणि दिवाणखान्यातल्या घड्याळाचा एक. घड्याळ पावणेचारला थांबलं, आईची नळाला पाणी यायची वेळ चुकली, आणि त्या संध्याकाळी माझं जे झालं ते सगळ्या आळीनं ऐकलं.

मार विसरलो. एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. त्या घड्याळात तोच एक सेल वर्ष-वर्ष चालायचा. गेम बॉय असे चार घेऊनही दिवस मोजायला लावायचा. आता कळतं की घड्याळाची मोटर सेकंदातून एकदा काट्याला ढकलते आणि उरलेला वेळ स्वस्थ बसते. स्वस्थ बसणं हीसुद्धा एक कला आहे, आणि ती तुझ्या खानदानात कुणालाच आली नाही.

तुझं काम काय ते वाचकांनाही कळू दे, कारण तू पडलास प्रोग्राममधला सूचनांचा तुकडा, दिसत कधीच नाहीस. गेम बॉयची स्क्रीन १४४ ओळींची. यंत्र वरून खाली एकेक ओळ रंगवत येतं आणि १४४ झाल्या की दहा ओळींएवढा वेळ थांबतं. ही उसंत साधारण एक मिलिसेकंदाची. चित्रात बदल करायचे ते मुख्यतः या उसंतीत. मधेच हात घातला तर चित्राच्या चिंध्या होतात. असं सेकंदाला जवळजवळ साठ वेळा चालतं. खेळाचा हिशेब, म्हणजे उडी किती मारली, वीट कुठं पडली, हा बहुतेक वेळा फ्रेमचा, म्हणजे एका चित्राचा, वेळ संपायच्या बराच आधी पुरा होतो. मग प्रोसेसरनं काय करायचं? उसंतीची वाट बघायची. इथं तुझी नेमणूक होते.

तुझा सगळा देह सहा बाइटचा. स्क्रीनची कितवी ओळ चालू आहे ते वाच. १४४ आहे का बघ. नसेल तर मागं जा. एवढंच. या तीन सूचनांना प्रोसेसरचे आठ ठोके लागतात आणि गेम बॉयच्या प्रोसेसरचे सेकंदाला १०,४८,५७६ ठोके पडतात. भागाकार मी केला आहे, तुला वेळ नसेल. सेकंदभर अखंड फिरलास तर १,३१,०७२ फेरे होतात. एक ओळ रंगायला ११४ ठोके लागतात, म्हणजे त्याच त्या ओळीवर तू चौदा-चौदा वेळा विचारतोस, ‘झालं का?’ उत्तर चौदाही वेळा एकच, ‘नाही.’ आणि प्रत्येक फेऱ्याला ते सहा बाइट कार्ट्रिजमधून नव्यानं वाचायचे. पाठ होत नाहीत तुला. सेकंदाला पावणेआठ लाखांवर बाइट, तेच ते सहा, पुन्हा पुन्हा.

एसटी स्टँडवर असा एक माणूस असतो. पंढरपूरची गाडी साडेचारला आहे हे फळ्यावर लिहिलेलं आहे, ती नेहमीप्रमाणे पाचला येणार हे सगळ्या गावाला माहीत आहे, तरी हा तीनपासून चौकशीच्या खिडकीत मुंडी घालून उभा. आली का? आली का? कंट्रोलरनं वर बघायच्या आत पुन्हा, आली का? त्याच्या शेजारी, बाकावर, गाठोडं उशाला घेऊन एक म्हातारा झोपलेला असतो. त्यानं एकदाच सांगून ठेवलंय, ‘पंढरपूर लागली की हाक मारा.’ गाडी लागते, कर्ण्यातून हाक येते, म्हातारा उठतो, चढतो, खिडकीची जागाही मिळवतो. दोघं एकाच गाडीनं एकाच वेळी पोचतात. फरक एवढाच की पहिल्याला वाटेत रसवंतीवर दोन ग्लास रस लागतो आणि म्हाताऱ्याला काही लागत नाही.

गेम बॉयमध्ये तो बाक होता. पहिल्या दिवसापासून होता. सूचनेचं नावच हॉल्ट, म्हणजे आपले एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर मुक्कामाला जो शब्द वापरतात तोच. हेक्साडेसिमलमध्ये ७६, लांबी एक बाइट. ही सूचना आली की प्रोसेसरचे ठोके बंद. स्क्रीन रंगत राहते, गाणं वाजत राहतं, टायमर चालू राहतो, फक्त प्रोसेसर झोपतो. १४४ ओळी झाल्या की इंटरप्ट येतो, ही त्याची कर्ण्यावरची हाक, आणि तो उठून कामाला लागतो. झोपेत सेलवरचा ताण कमी होतो तो जादूनं नाही. या चिपमध्ये वीज खर्च होते ती मुख्यतः ट्रान्झिस्टरच्या उघडझापीला. दर ठोक्याला चिमूट चिमूट. ठोकेच नाहीत तर चिमूटही नाही. म्हणजे खेळाचा हिशेब जितका चटकन संपेल तितकी झोप जास्त, आणि झोप जास्त तितके सेल जास्त दिवस. नेटका प्रोग्राम लिहिणाऱ्यानं वाचवलेला वेळ अशा रीतीनं थेट आळीतल्या पोराच्या उधारीच्या वहीत जमा होतो. तू मधे नसलास तर. तू असलास की वाचवलेला सगळा वेळ तूच ‘झालं का’ विचारण्यात उधळतोस. तू जिथं असतोस तिथं नेटकं लिहिणारा आणि गचाळ लिहिणारा दोघांचं वीजबिल सारखंच येतं.

घाण्याच्या बैलाशी तुझी तुलना करणार नाही. तो निदान तेल काढतो.

आता तुझी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणशील एकतर्फी लिहिलं. पहिलं म्हणजे सगळे सेल तूच खाल्लेस असं नाही. स्क्रीन खाते, स्पीकर खातो. हॉल्ट लावला म्हणून चार सेल चाळीस दिवस जाणार नव्हते. दुसरं, तू सोपा आहेस. सहा बाइट, वाचताक्षणी कळतात, इंटरप्टची भानगड नाही. तिसरं, आणि हे तुझ्या वकिलानं ठासून सांगावं असं, हॉल्टमध्ये खरोखरच एक खोड होती. इंटरप्ट बंद ठेवलेले असताना एखादा आधीच दारात उभा असला आणि तेव्हाच हॉल्ट आला, तर गेम बॉयचा प्रोसेसर झोपत तर नाहीच, वर पुढचा बाइट दोनदा वाचतो. झोपेतून दचकून उठलेल्या माणसासारखं, एकच वाक्य दोनदा. यापायी कित्येकांनी हॉल्टच्या मागं एक निरुपद्रवी, काहीच न करणारी सूचना ठेवायचा रिवाज पाडला. काहींनी तोही त्रास टाळला आणि तुला ठेवून घेतलं. डेडलाइन तोंडावर असली की प्रत्येकाला तू बरा वाटतोस. मीही तुला लिहिलं आहे. हे कुठं बोलू नकोस.

पण मग पोकेमॉन रेड बघ. कार्ट्रिज उलगडून वाचणाऱ्यांनी त्यातली ‘एक फ्रेम थांब’ ही छोटी रूटीन कधीच बाहेर काढली आहे. एक खूण मांडायची, हॉल्ट करायचं, जाग आली की खूण पुसली गेली का बघायचं, नसेल तर पुन्हा झोपायचं. परत बघायचं कारण जाग दुसऱ्याच कशानं, टायमरनंही, येऊ शकते. म्हाताऱ्यानंही असंच केलं असतं: हाक आली, डोळा किलकिला केला, ‘पंढरपूर का? सांगोला? बरं,’ आणि कूस बदलली. लाखो पोरांनी दप्तरात लपवून तासन्तास खेळलेला खेळ हा. निदान या रूटीनमध्ये तुझ्यावाचून त्याचं काहीच अडलं नाही.

आणि ज्यानं हे यंत्र घडवलं त्याचा तरी मान ठेवायचास. गुन्पेई योकोई. १९६५ साली निन्टेन्डोत यंत्रांच्या देखभालीच्या कामावर लागलेला माणूस. त्याचं म्हणणं असं की नव्याकोऱ्या, महागड्या तंत्रामागं धावू नये. जुनं, स्वस्त, मुरलेलं तंत्र घ्यावं आणि त्याचा वेगळाच उपयोग शोधावा. लोणच्याच्या बाबतीत आपल्याकडे हे प्रत्येक आजीला ठाऊक आहे, पण इलेक्ट्रॉनिक्समध्ये हे सांगायला धीर लागतो. १९८९ साली गेम बॉय आला तेव्हा रंगीत स्क्रीन शक्य नव्हती असं नाही. त्याच साली अटारीचं लिंक्स रंगीत आलं, पुढच्या वर्षी सेगाचं गेम गियरही. दोघांनाही सहा-सहा पेन्सिल सेल, आणि ते चार-पाच तासांत गार. योकोईच्या मंडळींनी रंग सोडला, स्क्रीनमागचा दिवा सोडला, हिरवट पडद्यावर चार छटा ठेवल्या. अंधारात दिसत नाही म्हणून लोक हसले. पण चार सेलवर दहा तासांच्या पुढं यंत्र चाललं, आणि हसणारे दुकानात आठवणीपुरते उरले. एका माणसानं रंगावर पाणी सोडून जे मिळवलं, ते तू आत बसून ‘झालं का, झालं का’ करत थोडं थोडं कुरतडलंस. घुशीला निदान दात असतात.

पुढं तर तुझी चैन झाली. १९९८ साली गेम बॉय कलर आला, सेल दोनच, पण प्रोसेसर हवा तर दुप्पट वेगानं चालवायची सोय. वेग खेळासाठी दिला होता. तू काय केलंस? सेकंदाला २,६२,१४४ वेळा विचारायला लागलास. वाट बघायची घाई दुप्पट. २००१ साली गेम बॉय ॲडव्हान्स आला तेव्हा बनवणाऱ्यांनाच तुझी लाज वाटली असावी, कारण ‘पुढच्या उसंतीपर्यंत झोप’ हे काम करणारी तयार हाक त्यांनी यंत्राच्या बायोसमध्येच भरून दिली. लिहिणाऱ्यानं नुसतं बोलवायचं. तरी नवशिक्यांच्या पहिल्या धड्यात तू असतोसच, खाली टीप: हे असं करू नका, बॅटरी जाते. म्हणजे तुझी ओळखच ‘असं करू नका’ अशी करून दिली जाते आणि तू तिथं हसतमुखानं उभा.

सोनीनं २००४ साली पीएसपी काढला तेव्हा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झचा असून खेळांना आधी २२२ च्या पुढं जाऊ दिलं नाही. बंधन सुटलं ते २००७ मध्ये. पोरांच्या हातात फटाके द्यायच्या आधी माचिस काढून घ्यावी तसं. तुझ्यासारखे आत असताना ते बरंच.

आता तर सेल गेले, लिथियम आलं, आणि तुझी मुलंबाळं मोठ्या घरात राहायला गेली. २०२२ सालचं स्टीम डेक घे. ४० वॉट-तासांची बॅटरी. बनवणारी कंपनीच सांगते, दोन ते आठ तास. दोन आणि आठ! गव्हाचं पोतं एका घरात आठ महिने जातं आणि दुसऱ्यात दोन, तर आपण पोत्याला बोल लावत नाही, कोण जेवतंय ते बघतो. यंत्रानं वीस वॉट ओढले की दोन तास, आठ ओढले की पाच; हिशेब सातवीतला आहे. मोठा खेळ खेळताना वीस लागले तर लागू देत. पण खेळ थांबवून ठेवलेला, मेन्यू उघडा, पात्र नुसतं श्वास घेतंय, आणि तरी वीस? तिथं तुझा नातू बसलेला असतो. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की एवढी चित्रं काढून झाली की बस्स. २०१० साली स्टारक्राफ्ट टू या संगणकावरच्या खेळात याच घराण्यातल्या एकानं मेन्यूच्या पडद्यावर इतकी चित्रं काढली की लोकांची ग्राफिक्स कार्डं तापली, आणि तो खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्डला सेटिंगच्या फाइलमध्ये मर्यादा घालायच्या दोन ओळी लोकांना सांगाव्या लागल्या. तिथं निदान भिंतीतून वीज येते. हातातल्या यंत्राला ती पाठीवर बांधून न्यावी लागते.

तुझ्याबद्दल एक बातमी मात्र मला मनापासून गोड लागली. गेम बॉय ॲडव्हान्सचे जुने खेळ आता फोनवर, संगणकावर चालवता येतात. ते चालवणाऱ्या प्रोग्रामांपैकी एमजीबीए नावाच्या एकात खास तुझ्यासाठी सेटिंग आहे. तो खेळ वाचता वाचता तुला हुडकतो, ‘हा नुसता वाट बघतोय’ असं ओळखतो आणि तुझे सगळे फेरे गाळून थेट पुढच्या उसंतीवर उडी मारतो. खेळणाऱ्याला काही कळत नाही, काही अडत नाही. इतकी वर्षं राबलास, आणि तुला काढून टाकल्यावर चित्रात एका ठिपक्याचाही फरक पडला नाही. निवृत्त साहेबाच्या खुर्चीबद्दल असं कुणी बोललं तर साहेब अंथरूण धरतील.

तरी तू जाणार नाहीस, हे मला माहीत आहे. आज रात्रीही कुणीतरी पोरगं पहिला खेळ लिहीत असेल, थांबायचं कसं ते पटकन सुचणार नाही, आणि तू हातात सहा बाइट घेऊन दारात उभा असशील. त्या पोराला माझा निरोप दे, म्हणजे देणार नाहीस म्हणून इथंच लिहितो: बाळा, इंटरप्ट चालू कर, हॉल्ट लाव, आणि झोपू दे त्याला. त्याचं काम झालंय.

कळावे. लोभ आटोपता घ्यावा.

तुझा जुना अन्नदाता,
(वडिलांच्या नावे चार पेन्सिल सेल, उधार)

ता. क. — परतीच्या प्रवासात तेच यंत्र, तोच खेळ. निघण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन फ्रेमची मर्यादा ४० वर आणून ठेवली. डोंगर होता तसाच दिसला, धुक्यासकट. खेडपासून खेळत आलो. पनवेलला बघितलं, ३१ टक्के शिल्लक होते.